कासवाचे दुखणे कवचाआड

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पुण्यातली संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. कुत्र्यामांजरांच्या गर्दीत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी मांडीवर बुटांचा खोका घेऊन बसली होती. खोक्यात होता बंड्या, तिचे पाच वर्षांचे पाण्यातले कासव. ‘‘तीन आठवडे झाले, काही खात नाहीये. पण थंडीत कासवं झोपतात ना, म्हणून आम्ही थांबलो,’’ वडील म्हणाले. ‘‘मग आज का आणलंत?’’ मी विचारले. उत्तर मुलीने दिले, ‘‘डॉक्टरकाका, तो वाकडा पोहतोय.’’

निम्मे निदान त्या वाक्यातच होते. कासवाची फुप्फुसे पाठीच्या कवचाला आतून लागूनच असतात. पाण्यात तरंगताना तीच त्याची हवेची पिशवी. एका फुप्फुसात संसर्गामुळे स्राव साठला की ती बाजू जड होते आणि कासव एका अंगावर कलते. पोटात वायू धरल्यानेही कासव तिरके तरंगू शकते, म्हणून एक्स-रे काढावा लागतो. बंड्याच्या एक्स-रेत उजवे फुप्फुस पांढुरके दिसत होते. नाकाशी बुडबुडे होते, पापण्या सुजून डोळे मिटले होते. त्याला न्यूमोनिया झाला होता आणि तो त्या दिवशी सुरू झालेला नव्हता.

या घरात कोणी निष्काळजी नव्हते. बंड्याला रोज खाऊ मिळत होता, टाकी धुतली जात होती. तरीही तो इतका आजारी झाला. कासव पाळणाऱ्या अनेक घरांत हेच घडते. कासवाचे बहुतेक आजार बाहेरून येत नाहीत. ते त्याच्या टाकीतच तयार होतात. आणि ते लक्षात येईपर्यंत महिने उलटलेले असतात.

रुपयाएवढे पिल्लू, ताटाएवढे कासव

आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणारी छोटी हिरवी कासवे बहुधा एकाच जातीची असतात. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले हे ‘रेड-इअर्ड स्लायडर’. मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. दुकानात ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडेसे मोठे असते, म्हणून लहान वाटीसारख्या प्लास्टिकच्या टाकीत घरी येते. त्या टाकीत एक खोटे नारळाचे झाडही असते. कोणी वाढदिवसाची भेट म्हणून आणते, कोणी घरात कासव असले की लक्ष्मी नांदते म्हणून.

दुकानात क्वचितच सांगितले जाते ते असे, की हे पिल्लू नीट सांभाळले तर वीस ते चाळीस वर्षे जगते. मादी वाढून पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबीची, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी होते. त्याला मोठी टाकी, गाळणयंत्र, कोरडे होऊन ऊन खायला जागा, उष्णता आणि अतिनील किरणे लागतात. यातले काहीच नसले तरी ते लगेच मरत नाही. कासवाच्या शरीराचा गाडाच मुळात संथ चालतो. उपासमार, थंडी, घाण पाणी हे सगळे ते सोसत राहते आणि आपल्याला वाटते, ‘मजेत आहे’.

आजार लपवण्याची सवयही त्याच्या रक्तात आहे. निसर्गात अशक्त दिसणारा प्राणी आधी शिकार होतो. कुत्रे कण्हते, मांजर कोपरा धरते. कासव मान आत घेते. निरोगी कासवही तेच करते, म्हणून फरक कळत नाही.

झोप नव्हे, गारठा

बंड्याच्या घरी थर्मामीटर नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आणून टाकीत धरला. पाणी १७ अंश सेल्सिअस. टाकी गॅलरीच्या दाराशी होती आणि पुण्यात रात्री बोचरी थंडी पडत होती.

कासव शीतरक्ताचे आहे, म्हणजे आपल्यासारखी स्वतःची उष्णता ते तयार करत नाही; बाहेरून घेते. स्लायडरसाठी पाणी साधारण २४ ते २८ अंश हवे आणि ऊन खायच्या जागेवर ३० ते ३२ अंश. पाणी गार झाले की पचन मंदावते, भूक जाते, हालचाल थांबते. त्याच वेळी त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते. एरवी निरुपद्रवी असणारे पाण्यातले जिवाणू मग छातीत उतरतात.

खरी शीतनिद्रा ही वेगळी गोष्ट आहे. थंड प्रदेशातली कासवे त्यासाठी आधी महिनोन्महिने चरबी साठवतात, आतडी रिकामी करतात आणि स्थिर, खूप थंड जागा शोधतात. दिवसा पंचवीस आणि रात्री बारा अंश अशा आपल्या हिवाळ्यात घरातले कासव ना धड झोपते ना धड जागे राहते. म्हणून ‘झोपलंय, उठेल’ असे म्हणून वाट पाहणे धोक्याचे. पाण्याचे तापमान मोजा. ते कमी असेल तर हीटर लावून हळूहळू, एक-दोन दिवसांत वाढवा. तरीही कासव खात नसेल तर तो आजार आहे.

काय दिसले की सावध व्हावे?

छातीच्या संसर्गाची खूण वर आलीच: तिरके तरंगणे, नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून किंवा मान लांब करून श्वास घेणे, पाण्यात उतरायला नकार. माणसाप्रमाणे छाती-पोटामधला श्वासपटल कासवाला नाही. त्यामुळे जोरात खोकून कफ बाहेर टाकणे त्याला जमत नाही. स्राव आत साठतच जातो. यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सुजलेले, मिटलेले डोळे हे बहुधा डोळ्याचे दुखणे नसते. ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचे नेहमीचे कारण. दुकानातली सुकी कोळंबी किंवा घरचे सुकट, एवढेच वर्षानुवर्षे खाणाऱ्या कासवांत हे हमखास दिसते. पापण्यांच्या आतले आणि श्वासनलिकेतले नाजूक अस्तर जाड, कोरडे होते आणि जंतूंना वाट मिळते. बंड्याचे डोळे आणि फुप्फुस यांचा संबंध इथे होता. अशा वेळी मेडिकलमधून माणसांच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून देऊ नका. या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन जास्त झाले तर कासवाची कातडी अक्षरशः सोलून निघते. गाजर, लाल भोपळा, हिरव्या पालेभाज्या यांतून ते मिळू द्यावे. बाकीचे डॉक्टर ठरवतील.

डोळ्यामागे, कानाच्या जागी वाटाण्याएवढी गाठ दिसली तर तो कानातला गळू असतो. कासवाचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो. तो आपोआप फुटून वाहत नाही आणि नुसत्या औषधाने विरघळत नाही. भूल देऊन चीर घ्यावी लागते. घरी सुईने फोडायचा प्रयत्न करू नये.

कवच बोटाने दाबल्यावर दबत असेल, कडा वर वळल्या असतील, कासव पाय ओढत चालत असेल, तर हाडे ठिसूळ होत आहेत. अगदी लहान पिल्लाचे कवच थोडे लवचीक असते, पण वाढत्या कासवाचे नसावे. कारण दोन: आहारात कॅल्शियम कमी आणि अतिनील ‘बी’ किरणे नाहीत. ही किरणे नसतील तर कासवाच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि पोटात गेलेले कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. आणि ही किरणे काचेतून आत येत नाहीत. खिडकीशी ठेवलेल्या टाकीत ऊन दिसते, पण उपयोगाचे ऊन येत नाही. वर ती काचेची टाकी तापून कासव भाजून निघण्याचा धोका असतो.

कवच कुजणे हा आणखी एक आजार. वाढताना कवचावरचे पातळ पापुद्रे सुटतात. ते नैसर्गिक आहे. पण कवचावर खड्डे पडले, गुलाबी-पांढरे मऊ डाग दिसले, दुर्गंधी आली किंवा खालून पाणी झिरपले, तर जंतू हाडापर्यंत पोचले आहेत. घाण पाणी आणि कोरडे व्हायला जागा नसणे, ही त्याची मुळे.

मादी अस्वस्थ फिरत असेल, मागच्या पायांनी काचेवर उकरत असेल, खाणे सोडले असेल, तर ती अंडी घालायला जागा शोधत असू शकते. घरात नर नाही म्हणून हे अशक्य, असे समजू नका. मादी नराशिवायही अफलित अंडी घालते. ओलसर वाळूचे खोल घमेले दिले तर बहुतेकदा काम होते. वाळू देऊनही दोन दिवसांत अंडी पडली नाहीत आणि ती मलूल झाली, तर अंडी आत अडकलेली असू शकतात.

शेपटीखालून लाल-जांभळा मांसल भाग बाहेर आला आणि परत आत गेला नाही तर ती तातडीची वेळ असते. नर कासव आपले इंद्रिय अधूनमधून बाहेर काढतो आणि लगेच आत घेतो, त्यात काळजी नाही. पण ते तसेच राहिले तर स्वच्छ ओल्या कापडाने ओले ठेवा, टाकीत दुसरे कासव असेल तर वेगळे करा आणि तातडीने दवाखाना गाठा. सुकले तर तो भाग कापावा लागतो.

कवच म्हणजे पेटी नव्हे

कासव जखमी होऊन येते ते बहुधा तीन कारणांनी: कुत्र्याने तोंडात धरले, गॅलरीतून पडले किंवा दारात सापडले. अशा वेळी घरच्यांचा पहिला विचार असतो, ‘वरचं कवच फुटलंय, आत काही नसेल.’

कवच ही कासवाने अंगावर घेतलेली पेटी नाही. तो त्याचा सांगाडाच आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या एकमेकींना जोडून पन्नासहून अधिक हाडांची ही रचना बनते. त्यात रक्तवाहिन्या आहेत, नसा आहेत. कवचाला वेदना होतात. नखासारखे दिसते ते फक्त वरचे आवरण. पाठीला तडा गेला की खाली लगेच फुप्फुसे लागतात.

मागे एकाने कुत्र्याने चावलेले कासव दहा दिवसांनी आणले. फट त्यांनी घरीच नळाच्या गळतीला लावतात त्या लांबीने बुजवली होती. वरून काम सुबक होते. खाली कुत्र्याच्या तोंडातले जंतू बंद झाले होते. लांबी काढली तेव्हा आत पू आणि अळ्या होत्या. ते कासव वाचले नाही. त्या गृहस्थांनी प्रेमापोटीच ते केले होते, हे मला आजही आठवते. पहिल्याच दिवशी आणले असते तर बहुधा वाचले असते.

कवचाची जखम किती जिवावर बेतू शकते याचे मोठे उदाहरण कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातले ‘अद्वैत’ हे महाकाय कासव. ते अडीचशे वर्षांचे होते आणि रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतून आले होते, असे सांगितले जाई. २००६च्या मार्चमध्ये ते गेले. त्याआधी त्याच्या कवचाला तडा जाऊन खाली जखम झाली होती. एवढा अजस्र जीवही कवचाच्या भेगेपुढे हतबल ठरला.

म्हणून कासव जखमी झाले तर पहिल्या तासात एवढे करावे:

• रक्त येत असेल तर स्वच्छ कापड किंवा गॉज पाच-दहा मिनिटे हलक्या हाताने दाबून धरा.

• माती, कचरा असेल तर उकळून गार केलेल्या मीठ-पाण्याने किंवा सलाइनने वरवर धुवा. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे तर पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचे करून. तडा खोल असेल, आत ओले मांस दिसत असेल तर आत काहीही ओतू नका.

• हळद, तूप, टूथपेस्ट, हायड्रोजन पेरॉक्साइड, झटपट चिकटवणारा डिंक, लांबी यांतले काहीही लावू नका.

• कवचाचे तुटलेले तुकडे फेकू नका. ओल्या गॉजमध्ये गुंडाळून सोबत आणा, जोडता येतात.

• कासव पाण्यातले असले तरी पाण्यात ठेवू नका. फुटलेल्या कवचातून पाणी फुप्फुसात जाऊ शकते, आणि अशक्त कासव चक्क बुडून मरते. हवेची भोके पाडलेल्या खोक्यात कोरडा टॉवेल घालून, उबदार, अंधाऱ्या जागी ठेवा.

• माश्या बसू देऊ नका. जखमेवर पातळ स्वच्छ कापड टाका. काही तासांत अळ्या पडतात.

• खायला किंवा पाणी पाजायचा आग्रह धरू नका.

आणि ‘मेले’ असे ठरवण्याची घाई करू नका. स्लायडरसारखी कासवे ऑक्सिजनविना तासन् तास तग धरू शकतात. श्वास दिसत नाही, पाय लुळे पडलेत, तरी आत हृदय मंदपणे चाललेले असू शकते. कासव बुडालेले आढळले तर डोके खाली करून, मान अलगद लांब करून तोंडातले पाणी निथळू द्या आणि तसेच घेऊन या. मृत्यूची खात्री डॉक्टरला करू द्या.

उपचारही कासवाच्या गतीने

बंड्याच्या वडिलांनी विचारले, ‘‘किती दिवसांत बरा होईल?’’ मी म्हणालो, ‘‘दिवस नव्हे, महिने धरा.’’

कासवाचे शरीर औषध हळू वापरते आणि हळू बाहेर टाकते. त्यामुळे काही प्रतिजैविके कुत्र्याला दिवसातून दोनदा द्यावी लागतात, तर कासवाला तीन दिवसांतून एकदा. इंजेक्शन शक्यतो पुढच्या पायात देतात, कारण मागच्या पायांतले रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडांतून फिरून जाऊ शकते. औषधाची मात्रा ग्रॅममध्ये मोजलेल्या वजनावर ठरते. अंदाजाने अर्धी गोळी कुटून देणे म्हणजे विषप्रयोगच.

एका औषधाचे नाव प्रत्येक कासववाल्याने लक्षात ठेवावे: आयव्हरमेक्टिन. कुत्र्या-गुरांच्या गोचिडांवर आणि जंतांवर ते सर्रास वापरले जाते. कासवाला ते लकवा आणून ठार मारू शकते. घरात कुत्र्यासाठी आणलेली बाटली ‘थोडीशी’ म्हणूनही कासवाकडे वळवू नका.

सगळेच पशुवैद्य सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करत नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. आधी फोन करून विचारावे. जवळ कोणी नसेल तर मुंबईत परळ, सातारा जिल्ह्यात शिरवळ, मराठवाड्यात परभणी आणि उदगीर, विदर्भात नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. जाताना टाकीचा फोटो, पाण्याचे तापमान, दिव्याचा प्रकार आणि काय खायला घालता याची नोंद न्यावी. निम्मा तपास त्यातच होतो.

घरातला दवाखाना

इंजेक्शन तीन दिवसांतून एकदा. मधले सगळे तास कासव घरी असते. म्हणून बरे होणे हे खरे तर घरच्यांच्या हातात असते.

आजारी कासवाला वेगळ्या, साध्या टबात ठेवावे. वाळू-खडे नकोत. पाणी उथळ हवे, फार तर कवचाच्या उंचीएवढे, म्हणजे मान वर केली की नाक बाहेर येईल. पाणी उबदार असावे, २७-२८ अंशांपर्यंत, आणि ते रोज बदलावे. नळाच्या पाण्यातले क्लोरिन उडून जावे म्हणून आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवावे. एका बाजूला पूर्ण कोरडी जागा आणि तिच्यावर उष्णतेचा दिवा. कासवाला चटका बसणार नाही इतक्या अंतरावर तो बांधावा. कवचाची जखम असेल तर डॉक्टर ‘कोरडे ठेवा’ सांगतात. म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ कोरड्या टॉवेलवर आणि जखम भिजणार नाही अशा बेताने थोडा वेळ पाण्यात. पाण्यातले कासव बहुधा पाण्यातच गिळते, म्हणून खाणे त्या वेळात द्यावे.

अतिनील ‘बी’ किरणांचा दिवा दिवसाचे दहा-बारा तास लावावा, मध्ये काच किंवा प्लास्टिक न ठेवता. हा दिवा उजेड देत राहिला तरी त्याची किरणे सहा महिने ते वर्षभरात कमी होतात. तो बदलावा लागतो. दिवा परवडत नसेल तर आपल्याकडे सकाळचे कोवळे ऊन फुकट आहे. प्लास्टिकच्या टबात थोडे पाणी, अर्ध्या भागावर सावली आणि वीस-तीस मिनिटे ऊन. पण शेजारी बसून. गॅलरीत कावळे आणि घारी येतात, मांजरही येते.

आहारात बदल हळूहळू करावा. लहान कासवाला मासळी-किडे जास्त लागतात, मोठ्याला पाला जास्त. चांगल्या प्रतीचे कासवखाद्य, अधूनमधून काट्यासकट छोटी मासळी, किसलेले गाजर, लाल भोपळा, लेट्यूस. पालक रोज नको, त्यातले ऑक्सॅलेट कॅल्शियम अडवते. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस टाकीत टाकून ठेवावा. कासव तो कुरतडते आणि कॅल्शियम मिळते. पोळी, भात, ब्रेड, दूध, पनीर हे कासवाचे अन्न नाही. सुकट हा खाऊ आहे, जेवण नव्हे.

आणि वजन. स्वयंपाकघरातल्यासारखा डिजिटल काटा कासवासाठी वेगळा घ्यावा आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी वजन लिहून ठेवावे. कवचाआड कासव रोडावलेले दिसत नाही, काट्यावर दिसते. वजन दहा टक्क्यांनी घटले तर बाकी काही दिसत नसतानाही डॉक्टरांना दाखवावे.

आपलीही काळजी

कासव निरोगी दिसत असले तरी त्याच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. ते विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून आपल्या हातांवर येतात. अमेरिकेत लहान मुलांना यामुळे इतके आजार झाले की १९७५ साली चार इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. पिल्लू जितके लहान, तितके मुलांनी तोंडात घालण्याची शक्यता जास्त, हे त्यामागचे साधे कारण.

घाबरून कासव टाकून देण्याची गरज नाही. त्याला किंवा टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकी, टॉवेल, काटा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये. न्हाणीघरात धुवावे आणि नंतर जागा जंतुनाशकाने पुसावी. पाच वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया, वयस्क आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी आजारी कासवाची शुश्रूषा करू नये. कासवाची पापी घेण्याचे फोटो कितीही गोड दिसोत, ते टाळावेत.

कायदा आणि नदी

एक प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात: ‘‘शेततळ्यात सापडलेलं कासव पाळलंय, चालतं का?’’ चालत नाही. मऊ पाठीचे कासव, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव अशा आपल्या देशी कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. ती पाळणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे. मात्र रस्त्यावर जखमी देशी कासव आढळले तर भीतीने तोंड फिरवू नका. वरची प्राथमिक काळजी घ्या आणि लगेच वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. ते घरी ठेवून घेणे आणि मदत पोचेपर्यंत सांभाळणे यात फरक आहे.

उलट स्लायडर परदेशी आहे आणि त्याचा धोका वेगळा आहे. वाढलेले, आजारी, नकोसे झालेले कासव लोक ‘मोकळे’ करतात: तलावात, नदीत, देवळाच्या कुंडात. जगातल्या शंभर सर्वाधिक उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. भारतातही वेगवेगळ्या राज्यांतल्या जलाशयांत ते सापडले आहे. देशी कासवांचे अन्न आणि ऊन खायची जागा ते बळकावते आणि टाकीतले आजारही सोबत नेते. आपल्या नद्यांत लीथचे मऊ पाठीचे कासव आधीच नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्या घरात हा पाहुणा सोडणे हे पुण्याचे काम नाही. सांभाळणे जमत नसेल तर प्राणी बचाव संस्था किंवा दुसरे जबाबदार घर शोधावे.

कासवीची नजर

आपल्या संतसाहित्यात कासवीचा दृष्टांत वारंवार येतो. ती पिलांना दूध पाजत नाही, कुशीत घेत नाही. नुसत्या नजरेने पोसते, असा त्याचा भाव. जीवशास्त्र वेगळे सांगते. मादी वाळूत अंडी पुरते आणि निघून जाते. पिलांकडे वळूनही पाहत नाही. पण घरातल्या कासवाच्या बाबतीत मला तो दृष्टांत शब्दशः खरा वाटतो. फक्त ती नजर आपली असावी लागते. रोज दोन मिनिटे: सरळ पोहतोय का, डोळे उघडे आहेत का, खाल्ले का, ऊन खायला वर आला का, पाणी किती अंश आहे. बंड्या ‘वाकडा पोहतोय’ हे घरात एकाच व्यक्तीने पाहिले होते, आणि ती सगळ्यांत लहान होती.

बंड्याला पुढचे कित्येक आठवडे तीन दिवसांआड इंजेक्शने दिली. पहिले वीस दिवस त्याने काहीच खाल्ले नाही. नळीने अन्न द्यावे लागले. मधे एकदा वजन पुन्हा घसरले आणि मला वाटले, हा जातो. फेब्रुवारीत त्याने गाजराचा एक कीस तोडला. मुलीने ती तारीख वजनाच्या वहीत लाल शाईने लिहिली आहे. एप्रिलच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसात थोडा डाग अजून होता, पण तो सरळ पोहत होता.

आता त्याची टाकी गॅलरीपासून दूर आहे, तिला हीटर आहे, वर दोन दिवे आहेत. परवा वडील वही घेऊन आले होते. ‘‘डॉक्टर, या आठवड्यात चार ग्रॅम कमी झालाय. आणू का?’’ मी वही पाहिली आणि म्हणालो, ‘‘चार ग्रॅमला नका आणू. पण असंच लिहीत राहा.’’